मराठीतून ज्यू इतिहासाकडे : नव्या वाचकासाठी प्रस्तावना

१८७४ साली पुण्यात शिळाप्रेसवर एक हग्गादा छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरात लहानथोरांनी एकत्र बसून वाचायचा हा विधिग्रंथ. मिसरच्या गुलामीतून इस्राएल लोक कसे सुटले त्याची कथा, मुलांनी विचारायचे प्रश्न, प्रार्थना आणि गाणी त्यात असतात. पुण्याच्या या आवृत्तीत हिब्रूसोबत मराठी भाषांतर आहे आणि चित्रेही आहेत. एका चित्रात बायका सणाच्या बेखमीर भाकरी करताना दिसतात. त्यांनी लुगडी नेसली आहेत, केसांचे अंबाडे घातले आहेत आणि त्या जमिनीवर बसून काम करत आहेत. त्याआधी १८४६ मध्ये मुंबईतही मराठी भाषांतरासह हग्गादा निघाली होती.

या ग्रंथांची पाने आज परदेशी ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. खानदेशातल्या भडगावातला बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी ती फोनवर उघडून त्यातला मराठी मजकूर वाचू शकते. हिब्रू, अरामी, जर्मन अशा भाषा जाणणारे कितीतरी मोठे अभ्यासक मात्र या मजकुरापाशी अडतात, कारण त्यांना मराठी येत नाही. ज्यू अभ्यास हे जगभर पसरलेले, फार समृद्ध ज्ञानक्षेत्र आहे आणि त्यातला एक अख्खा कप्पा आपल्या भाषेत आहे. तो उघडायला मराठी वाचक हवे आहेत. हे आमंत्रण मनापासून देण्यासाठीच ही प्रस्तावना लिहिली आहे.

खानदेशातल्या वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येईल तो असा : महाराष्ट्रातले ज्यू तर कोकणातले, आपला त्यांचा संबंध काय? याचे उत्तर धुळ्यात आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्यभर दारोदार हिंडून कागद जमवले, १९२६ मध्ये धुळ्यात अखेरचा श्वास घेतला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले. समर्थ वाग्देवता मंदिरातली रामदासी हस्तलिखिते महाराष्ट्रभरातून आणून धुळ्यातच जपली गेली. आपल्या जिल्ह्याच्या वेशीबाहेरचे कागद सांभाळण्याची, वाचण्याची परंपरा खानदेशाला आहे. आता बरेचसे कागद घरबसल्या दिसतात, एवढाच फरक पडला आहे.

महाराष्ट्रातले ज्यू म्हणजे मुख्यतः बेने इस्राएल. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि समुद्राने बाहेर टाकलेल्या मृतांना तिथेच पुरले गेले. नवगावला त्याचे स्मारक आहे. वाचलेल्यांचे वंशज अष्टागर आणि आसपासच्या गावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. गावांवरून आडनावे आली : किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर, चौलचे चेऊलकर. पुढे ते मुंबई-पुण्यात, कंपनीच्या पलटणींत, सरकारी कचेऱ्यांत, इस्पितळांत आणि रेल्वेत गेले.

वाचायला बसल्यावर पहिला घोटाळा इथेच होतो. इंटरनेटवर ‘भारतातले ज्यू’ असे शोधले की तीन वेगळे समाज एकाच पानावर मिसळून येतात. कोचीचे ज्यू मल्याळम बोलणारे. तिथले ‘परदेशी’ नावाचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १५६८ मधले आहे. बगदादी ज्यू व्यापारी म्हणून पुष्कळ उशिरा आले. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत पोहोचले. ससून डॉक, ससून लायब्ररी, पुण्याचे लाल देऊळ म्हणून ओळखले जाणारे सिनेगॉग ही त्या घराण्याची कामे. बेने इस्राएल हे तिसरे आणि संख्येने सर्वांत मोठे. लाल देवळाचा फोटो लावून खाली बेने इस्राएलांची गोष्ट सांगणारे लेख पुष्कळ सापडतात. त्यांच्यावर फार विसंबू नये. या समाजांचे आपसातले नातेही सरळ नव्हते. बगदादी मंडळींनी बेने इस्राएलांना बरोबरीचे ज्यू मानायला दीर्घकाळ खळखळ केली. बेने इस्राएलांच्या आतही गोरे आणि काळे असा भेद होता. महाराष्ट्रात राहून जातीच्या रचनेतून कोणी अगदी सुटले नाही, हे इथेही दिसते, आणि ते झाकून लिहिणारा अभ्यास कच्चा राहतो.

सुरुवात कुठून करावी? माझे मत स्पष्ट आहे : आधी जुने गॅझेटियर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा आणि जंजिऱ्याचा अकरावा खंड १८८३ मध्ये, पुण्याच्या अठराव्या खंडाचा पहिला भाग १८८५ मध्ये निघाला. दोन्हींत बेने इस्राएलांची माहिती आहे. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाने आणि इंटरनेट आर्काइव्हने हे खंड सर्वांसाठी खुले केले आहेत. त्यांत घर, कपडे, जेवण, जन्म-लग्न-मृत्यूचे विधी असे तपशील येतात. लिहिणाऱ्याची नजर साहेबाची आहे, माणसांना खणांत घालून मोजण्याची आहे. ते लक्षात ठेवून वाचले तर ही पाने अजूनही खूप देतात.

त्यानंतर हाईम सॅम्युअल किहीमकर. समाजातल्याच माणसाने लिहिलेला हा पहिला मोठा इतिहास. किहीमकर मूळचे अलिबागच्या बाजूचे, मुंबईत समाजाची शाळा १८७५ मध्ये काढणाऱ्यांत ते पुढे होते. ती शाळा नंतर माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. त्यांचे इंग्रजी पुस्तक १८९७ मध्ये लिहून पूर्ण झाले, पण छापले गेले ते १९३७ मध्ये तेल अवीवला, इमॅन्युएल ओल्सवँगर यांच्या संपादनाखाली. तोपर्यंत लेखक हयात नव्हते. चाळीस वर्षे बाडात राहिलेले पुस्तक म्हटल्यावर राजवाड्यांच्या वाचकाला वेगळे काही सांगायला नको. किहीमकरांच्या तारखा आणि तर्क पुढच्या संशोधनाने बरेच तपासले, काही बाजूला ठेवले. तरी त्यांनी नोंदवलेल्या चालीरीतींना तोड नाही. आधुनिक अभ्यासांत शर्ली बेरी आयसेनबर्ग यांचा १९८८ चा ग्रंथ संदर्भासाठी हाताशी असावा, आणि ब्रिटिश काळातले राजकारण समजायला जोन रोलँड यांचे १९८९ चे पुस्तक.

ज्यूइश एन्सायक्लोपीडिया हे बारा खंडांचे काम १९०१ ते १९०६ या काळात न्यूयॉर्कला झाले आणि ते आज पूर्ण मोफत वाचता येते. त्यात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यावर नोंद आहे, हे पाहून मला फार आनंद होतो. डेव्हिड ससून यांच्या नावाच्या मुंबईच्या शाळेचे हे मुख्याध्यापक, ज्यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. नवी माहिती हवी तर ज्यूइश व्हर्च्युअल लायब्ररीवर पुढच्या काळातल्या एन्सायक्लोपीडिया ज्युडायकाच्या नोंदी भेटतात. जेरुसलेमच्या नॅशनल लायब्ररीचे दालन सर्वांत मोठे : हस्तलिखिते, जुनी वृत्तपत्रे, ध्वनिमुद्रणे. सिनेगॉगच्या इमारती, दरवाजे, दिवे, तोरा हा धर्मग्रंथ ठेवायची कपाटे यांसाठी हिब्रू विद्यापीठाच्या ज्यू कला केंद्राची चित्रसूची आहे. एवढी चार-पाच ठिकाणे नीट ओळखीची झाली तरी वाचकाची बरीच वर्षे निघतील. शंभर पाने चाळण्यापेक्षा या मोजक्या ठिकाणी खोल जावे.

शोधताना स्पेलिंग बदलत राहावे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘बेनी’ असते, नव्यांत ‘बेने’. मराठीत इस्राएल, इस्रायल, इस्त्राईल, ज्यू, यहुदी सगळेच चालते. कुलाबा म्हटले की यंत्र मुंबईच्या दक्षिण टोकाला नेते, तेव्हा सोबत अलिबाग किंवा रायगड घालावे.

मूळ कोठून, हा प्रश्न सर्वांना पहिल्यांदा सुचतो आणि सर्वांत जास्त भुलवतो. दोन हजार वर्षांपूर्वी आले, हरवलेल्या दहा वंशांपैकी आहेत, अशी विधाने ठामपणे केलेली आढळतात. कागदाच्या आधाराने बोलायचे तर १७३८ मधल्या एका मिशनऱ्याच्या पत्रातला उल्लेख हा फार जुन्या उल्लेखांपैकी एक. डेव्हिड राहाबी नावाच्या गुरूने त्यांना ज्यू म्हणून ओळखले, आणि ओळखले ते कसे, तर त्यांना ‘शमा’ ही प्रार्थना येत होती आणि त्यांच्या घरातल्या बाया बिनखवल्यांचा मासा शिजवत नव्हत्या, ही कथा समाज जपतो. तिचा काळ वेगवेगळे लोक वेगवेगळा सांगतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने बेने इस्राएलांत ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंशधागे असल्याचे दाखवले. माझ्या मते नव्या अभ्यासकाने उगमाच्या वादात पहिली उमेद खर्च करू नये. १७९६ पासून पुढचे एवढे ठोस साहित्य पडून आहे की तिथे केलेले काम लगेच फळाला येते.

१७९६ का? त्या वर्षी सॅम्युअल इझिकेल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, यांनी मुंबईत मांडवीला बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग बांधले. ते कंपनीच्या लष्करात होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले, आणि सुटकेचा नवस फेडावा तसे हे बांधकाम केले, असे समाज सांगतो. शेजारचे मशीद बंदर स्थानक याच ‘जुन्या मशिदी’वरून ओळखले जाऊ लागले, असे जागोजाग वाचायला मिळते. असे वाक्य दिसले की ते कोणी, कधी, कशाच्या आधारे लिहिले हे पाहायची सवय लावून घ्यावी. दहा पानांवर तेच वाक्य त्याच शब्दांत असेल तर तो दहा जणांचा पुरावा नव्हे. एकाचे नऊ जणांनी उचललेले असते.

आणखी एक भान हवे. या समाजाविषयीचे एकोणिसाव्या शतकातले बरेच लिखाण मिशनऱ्यांचे आहे. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. १८३२ मध्ये त्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. बेने इस्राएल मुले त्यांच्या शाळांत हिब्रू आणि इंग्रजी शिकली, आणि धर्मांतर मात्र फारच थोड्यांनी केले. शिकवण्यामागचा हेतू एक, घेणाऱ्यांनी काढलेला अर्थ दुसरा. आजही ज्यू धर्माची माहिती देतो म्हणणारी काही संकेतस्थळे प्रत्यक्षात ख्रिस्ती प्रचाराची असतात. ‘आमच्याविषयी’ हे पान आधी वाचावे.

धर्म आणि विद्या समजून घ्यायची असेल तर सेफारिया ही फार उदार जागा आहे. तोरा, मिश्ना, तालमूद हे ग्रंथ आणि मध्ययुगीन भाष्ये, पुष्कळदा इंग्रजी भाषांतरासह, कोणालाही फुकट. एका वचनावर बोट ठेवले की त्यावरची शतकानुशतकांची भाष्ये बाजूला उलगडतात. ज्यू अध्ययनात दोघांनी समोरासमोर बसून, वाद घालत ग्रंथ वाचण्याची रीत आहे. तालमूदच्या छापील पानावरही मधे मूळ मजकूर आणि भोवती टीकाकार असतात. ज्ञानेश्वरीवरची एकाहून अधिक भाष्ये शेजारी ठेवून वाचणाऱ्याला या पानावर परके वाटणार नाही. मात्र हे ज्ञान घेऊन कोकणात जाताना जपून जावे. अठराव्या शतकापर्यंत बेने इस्राएलांकडे तालमूद नव्हता. शनिवार, सुंता, खाण्यापिण्याचे नियम, काही सण आणि शमा एवढ्यावर त्यांनी आपले ज्यूपण राखले. पुस्तकातल्या मापाने त्यांना मोजणाऱ्याला ते उणे वाटतात. त्यांच्या घरातून पाहणाऱ्याला दिसते की ग्रंथ आणि गुरू नसताना त्यांनी किती राखले.

हा भाग मला सर्वांत प्रिय आहे. किहीमकरांनी नोंदवलेली सणांची नावे पाहा : नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. हिब्रू पंचांगातले रोश हशाना, योम किप्पूर किंवा तिशा बआव हे शब्द परत शिकण्याआधी कोकणी स्वयंपाकघराने आणि अंगणाने ही नावे दिली. प्रेषित एलिया, ज्यांना ते एलियाहू हानबी म्हणतात, त्यांच्या नावाने मलिदा करतात : भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे आणि फळे. नवस फेडताना, लग्नाआधी, घरातल्या मंगलकार्यात तो होतो. अलिबागजवळ खंडाळ्याला एका कातळावर एलियाहूच्या रथाची खूण असल्याची श्रद्धा आहे. कानबाईचे रोट भाऊबंदांत वाटून खाल्लेल्या खानदेशी वाचकाला हे पटकन जवळचे वाटेल, आणि वाटू द्यावे. फक्त साम्य दिसले म्हणून दोन्ही एकच ठरवू नये. मलिद्यासोबत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थना हिब्रूत आहेत, आणि तो ज्या प्रेषिताला वाहिला जातो त्याची वाट जगभरचे ज्यू वल्हांडणाच्या रात्री पाहतात.

तसेच कीर्तनाचे. १८८० च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, आर्या, साकी, दिंडी, सगळे आपले. आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे. अमेरिकन संगीत-अभ्यासक ॲना शुल्ट्झ यांनी आधी मराठी राष्ट्रीय कीर्तनावर २०१३ मध्ये पुस्तक लिहिले आणि या ज्यू कीर्तनांचाही अभ्यास केला. परक्या देशातून येऊन त्यांनी त्यासाठी मराठी आत्मसात केली. आपल्याकडे कीर्तनाची जाण रक्तातच असलेली किती माणसे आहेत! बहिणाबाईंच्या मुलुखात जात्यावरच्या ओवीचा कान असलेल्या बाया अजून आहेत. बेने इस्राएल स्त्रियांची मराठी गाणी ऐकून त्यांची चाल कुठून आली हे सांगण्याची पात्रता त्यांच्याकडे आहे, पदवी असो वा नसो.

मराठी पुस्तकांच्या दुकानात ज्यू म्हटले की इस्रायल देश, त्याची युद्धे, त्याचे हेर आणि हिटलर एवढेच भेटते. इस्रायलच्या पराक्रमावर आपल्याकडे उत्साहाने लिहिले-वाचले जाते, आणि त्याच फडताळात हिटलरच्या आत्मकथनाचे मराठी भाषांतर एखाद्या प्रेरणादायी पुस्तकासारखे मांडलेले असते. याचे मला दुःख होते. साठ लाख ज्यूंची हत्या करणाऱ्या विचाराचे ते पुस्तक आहे. ते वाचणाऱ्या तरुणाने सोबत जेरुसलेमच्या याद वाशेमच्या किंवा वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर जावे. तिथे मारल्या गेलेल्यांची नावे आहेत, छायाचित्रे आहेत, वाचलेल्यांच्या तोंडच्या हकिकती आहेत. ही हत्या घडलीच नाही असे सांगणारी पानेही इंटरनेटवर आहेत. पुराव्याच्या या ढिगाऱ्यासमोर ती टिकत नाहीत, पण आधी पुरावा पाहिलेला असावा लागतो.

आणि इस्रायलच्या युद्धांपलीकडे आपलीच माणसे दिसावीत. टिळकांवरच्या एका खटल्यात त्यांच्या बाजूच्या वकिलांत डेव्हिड एरूळकर होते. डॉ. जेरूशा झिराड यांनी लंडनहून एम.डी. होऊन कामा इस्पितळ सांभाळले. डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. पहिला बोलपट ‘आलम आरा’ ज्या नाटकावरून झाला ते जोसेफ डेव्हिड पेणकरांचे. डेव्हिड अब्राहम चेऊलकर म्हणजे चित्रपटांतले सर्वांचे लाडके डेव्हिड. निसीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता लिहिली आणि वृंदा नाबर यांच्यासोबत इंदिरा संतांची कविता इंग्रजीत नेली. १९४८ नंतर समाजातले बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे त्यांना पुन्हा ज्यूपण सिद्ध करावे लागले. धर्मपीठाने लग्नांना आडकाठी घातली, समाजाने आंदोलन केले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. दिमोना, अश्दोद, लोद, रामला इथे आजही मराठी ऐकू येते, आणि नोहा मस्सील यांच्या संपादनाखाली ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथून निघू लागले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

आता खानदेशात करण्याजोगे काम. जुन्या जनगणनेचे धर्मवार तक्ते इंटरनेटवर उपलब्ध आहेत आणि त्यांत ज्यूंचा वेगळा रकाना असतो. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, म्हणून १९०१ चा आकडा अखंड खानदेशाचा आणि १९११ चे दोन वेगळे, हे ध्यानात ठेवून ते मांडावे लागतील. भडगाव तेव्हा पाचोऱ्याखालचा पेटा होता. तालुक्याचे आकडे पाचोऱ्याच्या नावाखाली शोधावेत. आकडा एकेरी निघाला तरी तो मोलाचा : तो माणूस रेल्वेत होता की पोस्टात, इस्पितळात की शाळेत, हे सेवापुस्तके, शाळांचे जुने दाखले, मुंबईच्या कुटुंबांच्या वंशावळी यांतून काढता येते. जळगावच्या विद्यापीठात इतिहासाच्या किंवा मराठीच्या विद्यार्थ्याने प्रबंधाला हा विषय घेतला तर मार्गदर्शकाने त्याला परावृत्त करू नये, अशी विनंती करतो.

प्रत्यक्ष जायचे तर अलिबागचे मागेन अबोथ, रेवदंड्याचे आणि पनवेलचे बेथ एल, पेणचे सिनेगॉग, ठाण्याचे शाआर हाशामाईम, पुण्यात रास्ता पेठेतले सुक्कथ श्लोमो. ही प्रार्थनास्थळे आहेत, काहींत माणसे थोडी आणि सांभाळण्याची जबाबदारी मोठी. मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावरील २००८ च्या हल्ल्यानंतर सुरक्षेची काळजी वाढली आहे. आधी विचारून, ओळखपत्र घेऊन, डोके झाकून जावे. शुक्रवार मावळल्यापासून शनिवार रात्रीपर्यंत फोन करू नये, फोटो मागू नये. पत्र लिहायचे तर मराठीत लिहावे; ठाण्यातल्या किंवा दिमोनातल्या आजीआजोबांना ते इंग्रजीपेक्षा जवळचे वाटेल. त्यांनी सांगितलेले लिहून काढल्यावर छापण्याआधी त्यांना वाचून दाखवावे आणि ते म्हणतील तिथे दुरुस्त करावे.